मोरी तुंबली की...

हुबळीतल्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात जाऊन 'नानी ट्रॅप' मागा. दुकानदार कन्नड बोलणारा असो, मारवाडी असो की आपल्यातला, तो पुढे काही न विचारता कोपऱ्यातून एक पीव्हीसीचं भांडं काढून समोर ठेवतो आणि 'तीन इंची की चार इंची?' एवढंच विचारतो. ही नानी कुणाची आजी नव्हे. ती आपली न्हाणी. न्हाणीघरातली. गुजराती मंडळी म्हणतील आमची नहाणी, तर म्हणू देत, भांडण नको. पण प्लंबिंगच्या इंग्रजी पुस्तकांतसुद्धा या वस्तूचं नाव 'नहाणी ट्रॅप' असंच छापलेलं असतं. बीईला असताना सिव्हिलच्या एका मित्राच्या पुस्तकात मी ते पहिल्यांदा वाचलं आणि आपल्या आजीच्या तोंडचा शब्द इंजिनिअरिंगच्या पुस्तकात बघून फार मजा वाटली होती.

तर मंडळी, या वेळचा विषय हा. मोरी तुंबणं. जेवताना वाचू नका, पण वाचा जरूर. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी गेल्या दहा वर्षांत जुनी घरं पाडून किंवा वर मजला चढवून नवीन बाथरूम केल्या. टाइल्स महाग, नळ महाग, शॉवर महाग. आणि सगळं पाणी जिथून जातं ती जाळी मात्र कुणी निवडलेली नसते, गवंड्याने आणली ती बसवली. घरातल्या तिशीच्या आतल्या मुलामुलींना विचारा, त्या जाळीखाली काय आहे? मी आमच्या चुलत भावंडांना विचारलं. एकानेही ती कधी उचललेली नव्हती.

जाळीखाली एक वाटीसारखं भांडं असतं. त्यात कायम थोडं पाणी साठून राहतं, साधारण दोन इंच खोल. आंघोळीचं पाणी या साठलेल्या पाण्यातून पलीकडे ढकललं जातं आणि पुढच्या पाइपात पडतं. गटारातला वास आणि झुरळं मात्र या पाण्यामुळे अलीकडे येऊ शकत नाहीत. एवढीच युक्ती. संडासासाठी अशा वाकड्या पाइपाचं पहिलं पेटंट १७७५ साली लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या माणसाने घेतलं, आणि तो धंद्याने घड्याळजी होता. अडीचशे वर्षं झाली, यापेक्षा सोपी आणि स्वस्त युक्ती अजून कुणाला सुचलेली नाही. ना वीज लागते, ना हलणारा भाग.

आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॅपमध्ये जाळीखाली एक उलटी वाटीही असते, हात घातला की सुटी होऊन येते. पाणी सावकाश जायला लागलं की घरातला कुणीतरी शहाणा माणूस ती वाटी काढून माळ्यावर टाकतो. पाणी भराभर जायला लागतं, सगळे खूश. मग आठ दिवसांनी 'बाथरूममध्ये वास का येतोय?' म्हणून उदबत्त्या लावल्या जातात आणि फिनेल आणलं जातं. तुमच्याकडे असं झालं असेल तर आधी माळ्यावर वाटी शोधा.

वास ही नुसती नाक मुरडण्याची बाब नाही. २००३ च्या मार्च महिन्यात हाँगकाँगमधल्या 'अमॉय गार्डन्स' नावाच्या वसाहतीत सार्सची साथ पसरली आणि तीनशेहून जास्त रहिवासी आजारी पडले. तपास करणाऱ्यांनी जी कारणं मांडली त्यांत एक प्रमुख कारण होतं बाथरूममधल्या जमिनीवरच्या ट्रॅपचं. लोक फरशी पाण्याने धूत नव्हते, पोछा मारत होते. ट्रॅपमधलं पाणी आटून गेलं होतं, आणि एक्झॉस्ट पंखा लावला की मैल्याच्या पाइपातली हवा आणि तुषार खोलीत ओढले जात होते. आपल्याकडेही पाहुण्यांसाठी ठेवलेली वरची बाथरूम महिनोन्महिने कोरडी असते. आठवड्याला एक तांब्या पाणी त्या जाळीत ओतायचं, बस्स. महिनाभर गावाला जाणार असाल तर पाणी भरून वर चमचाभर शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल सोडा. तेलाचा तवंग आला की पाणी लवकर आटत नाही. खोबरेल नको, ते थंडीत गोठतं.

आता खोबरेलाचा विषय निघालाच आहे तर तुंबण्याकडे येऊ.

आमच्या कमरीपेठेतल्या घरात दोन न्हाण्या आहेत. खालची आजोबांच्या काळातली, शहाबादी फरशीची, कोपऱ्यात बंबाची जागा असलेली. तिला आम्ही मोरी म्हणतो आणि शेजारचे कन्नड लोक बच्चल म्हणतात. वरची आठ वर्षांपूर्वीची, टाइल्सची, तिला सगळेच बाथरूम म्हणतात. वरची वर्षातून दोनदा तरी तुंबते. खालची क्वचित. आईचं म्हणणं असं की जुनं ते सोनं. खरं कारण वेगळं आहे. खालच्या मोरीचं पाणी भिंतीतल्या भोकातून सरळ बाहेरच्या उघड्या पन्हळीत पडतं, तिथे तुंबलं की दिसतं आणि झाडूने सरकवता येतं. वरच्या बाथरूमचं पाणी ट्रॅपमधून बंद पाइपात जातं, तिथे काय साठतंय हे पाणी घोट्यापर्यंत येईतो कळत नाही. शिवाय खालच्या पन्हळीतून डास, उंदीर आणि वास यांना मोकळी वाट असते, ते आई हिशेबात धरत नाही.

ट्रॅप उघडला की निघतं काय? केस, साबणाचा पांढरट साका, तेल, आणि दिवाळीनंतर उटणं. नुसते केस असते तर पाण्याबरोबर बरेचसे वाहून गेले असते. नुसता साबण असता तरी गेला असता. केसांची जाळी होते, तेल तिला चिकटतं, त्यावर उटण्याची पूड बसते आणि सगळ्याचा मिळून गोळा होतो. अभ्यंगस्नानाच्या पहाटे घरातली सात-आठ माणसं एकामागून एक तेल-उटणं लावून न्हातात. नोव्हेंबरातली हुबळीची पहाट गार असते. खोबरेल साधारण २४ अंशांखाली घट्ट होतं. गरम पाण्याने अंगावरून निघालेलं तेल गार पाइपात पोचलं की तिथेच थिजतं. पाडव्याला प्लंबर सापडत नाहीत याचं हेही एक कारण असावं, सगळे कुणाच्या ना कुणाच्या न्हाणीत असतात!

आणि पाणी. आपल्या गावात नळाचं पाणी येतं मलप्रभेवरच्या धरणातून आणि नीरसागरातून, आणि बऱ्याच भागांत ते रोज येत नाही, चार-सहा दिवसांनी येतं. २००८ च्या सुमाराला काही वॉर्डांत चोवीस तास पाण्याचा प्रयोग सुरू झाला, ज्यांच्याकडे तो पोचला ते सुखी. बाकी आपण 'नळ बंतेन?' म्हणून विचारणारे. मधल्या दिवसांत वापराचं पाणी बोअरचं. ते जड असतं, शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन पाणी म्हणायचे. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून जो न विरघळणारा साका तयार करतं, तोच बादलीच्या कडेला पांढरा थर म्हणून दिसतो. पाइपातही तो तसाच बसतो. त्यात पाण्याची काटकसर म्हणून आपण अर्ध्या बादलीत आंघोळ उरकतो, म्हणजे पाइप धुतला जाईल असा लोंढा कधी जातच नाही. मग नळ आला की त्या दिवशी चादरी, पडदे, गोधड्या सगळं एकदम धुवायला निघतं आणि तुंबणं नेमकं त्या दिवशी उघडकीला येतं. दोष त्या दिवशीच्या धुण्याचा नसतो. सून धुणं धुत होती म्हणून तिच्यावर ढकलू नका.

तुंबल्यावर पहिलं काम हात घालणं नाही, बघणं. माझ्या नोकरीत प्रोग्रॅम बंद पडला की नवखी मुलं लगेच काहीतरी बदलायला लागतात. जुना माणूस आधी विचारतो, एकाचं बंद पडलंय की सगळ्यांचं? इथेही तेच. फक्त आंघोळीची जाळी भरली असेल आणि बेसिन, संडास नीट चालत असतील, तर अडथळा त्या जाळीपासून हातभर अंतरात आहे. संडासात पाणी सोडल्यावर आंघोळीच्या जाळीतून बुडबुडे येत असतील किंवा पाणी वर येत असेल, तर अडथळा पुढे मोठ्या पाइपात किंवा चेंबरमध्ये आहे. तिथे जाळीत काहीही ओतून उपयोग नाही.

हातभर अंतरातला असेल तर काम वीस मिनिटांचं आहे आणि ते घरातल्या कुणालाही येतं. जाळी काढा. स्क्रू गंजले असतील तर थोडं तेल सोडून दहा मिनिटं थांबा. रबरी हातमोजे घाला, उलटी वाटी उचला आणि बोटांनी केस ओढून काढा. पहिल्यांदा किळस वाटते, दुसऱ्यांदा वाटत नाही. जिथे बोट पोचत नाही तिथे कपडे वाळत घालायच्या हँगरची तार सरळ करून टोकाला बारीक आकडा करा. केस आत ढकलायचे नाहीत, गोल फिरवून गुंडाळून वर ओढायचे. मग एक बादली पाणी, नळाखाली धरून नव्हे, कमरेइतक्या उंचीवरून एकदम जाळीत ओतायचं. पाणी गुडूप झालं तर झालं काम. तेलाचा थर असेल तर दुसरी बादली गरम पाण्याची. गरम म्हणजे आंघोळीला विसण घालायच्या आधी असतं तितपत. उकळतं नको. पीव्हीसीचा पाइप ८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो आणि सांधे सैल होतात.

नाहीच गेलं तर रबरी पंप. दीड-दोनशे रुपयांचा. लोक तो वापरतात पण अर्धवट, कारण रबराच्या कडा पाण्यात बुडायला हव्यात हे लक्षात घेत नाहीत. तो हवेने नव्हे, पाण्याने ढकलतो. बेसिनला वापरताना वरच्या बाजूचं ओसंडायचं भोक ओल्या फडक्याने दाबून धरा, नाहीतर सगळा जोर तिथून निघून जातो. बेसिनच्या खाली जी बाटलीसारखी वाटी असते ती हाताने पिळून उघडते, खाली बादली ठेवा म्हणजे झालं. आमच्याकडे त्या वाटीतून आजवर दोन कानातली, एक टूथपेस्टचं टोपण आणि माझ्या पुतणीचं प्लास्टिकचं डायनासोर एवढं निघालं आहे.

नवीन घरात राहायला गेल्यावर पहिल्याच महिन्यात तुंबलं तर केसांना दोष देऊ नका. फरशीचं काम चालू असताना सिमेंटचं पाणी जाळीत जातं आणि ट्रॅपमध्ये दगड होऊन बसतं. त्यावर नंतर उपाय बहुधा फोडणं हाच. म्हणून काम चालू असतानाच भोकात गोणपाट कोंबलेलं आहे ना, हे रोज संध्याकाळी जाऊन बघा. गवंडी 'हां साहेब' म्हणतो आणि गोणपाट पायपुसणं म्हणून वापरतो.

आता ज्यासाठी हा लेख मुख्यतः लिहायला घेतला ते. ॲसिड.

आपल्या घरांत मोरी तुंबली की निम्म्या जणांचा पहिला विचार ॲसिडची बाटली. थोडं ओतलं की भसाभसा फेस येतो, धूर येतो, आणि वाटतं, चला, काम करतंय. काम करतंय, पण कशावर? न्हाणीतली घाण म्हणजे केस आणि तेलकट साका. हायड्रोक्लोरिक ॲसिडने केस सहजासहजी विरघळत नाहीत, तेलही नाही. फेस येतो तो फरशीचा. शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे, कडप्पाही चुनखडीचाच, सांध्यांमधल्या सिमेंटमध्येही चुना. ॲसिड पडलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, तोच तो फेस. म्हणजे मोरी तुंबलेलीच राहते आणि फरशी खाल्ली जाते. सांधे उघडे पडले की पाणी खाली मुरतं, आणि दोन वर्षांनी खालच्या मजल्याच्या छताला ओल येते तेव्हा आपण पावसाला शिव्या देतो. वाफेने नळांची चकाकी जाते ती वेगळीच.

केस खरोखर विरघळवणारा पदार्थ म्हणजे कॉस्टिक सोडा. दुकानात पुडीत मिळणाऱ्या मोरी साफ करायच्या पावडरीत मुख्यतः तोच असतो. तो चालतो, हे मान्य. पण पाण्यात पडल्यावर तो सणकून तापतो, आणि डोळ्यात गेला तर ॲसिडपेक्षाही वाईट, कारण तो खोलवर खात जातो. वापरायचाच असेल तर पाकिटावर लिहिलंय तेवढाच, चष्मा-हातमोजे घालून, तोंड लांब ठेवून, आणि पावडर टाकल्यावर रबरी पंप अजिबात मारायचा नाही. तुंबलेल्या पाण्यात पावडर टाकली आणि तरी गेलं नाही, तर ते पाणी आता विषारी आहे. प्लंबरला बोलावलंत तर त्याने हात घालायच्या आधी त्याला तसं सांगा. हे न सांगणारी माणसं मला माहीत आहेत आणि प्लंबरचे सोललेले हातही मी पाहिले आहेत.

मोबाइलवर फिरणारा खायचा सोडा आणि व्हिनेगरचा उपाय निरुपद्रवी आहे आणि जवळजवळ निरुपयोगीही. दोघं एकमेकांना संपवतात, उरतं खारट पाणी. पुढे जो गरम पाण्याचा हंडा ओता म्हणून सांगतात, काम तो करतो.

पण सगळ्यात मोठा धोका एका बाटलीत नाही, दोन बाटल्यांत आहे. आमच्या नात्यातल्या एक काकू. स्वच्छतेच्या फार कडक. श्रावण लागायच्या आधी बाथरूम घासायला घेतली. संडासाचं लिक्विड ओतलं, मोरीतही ओतलं, पाणी जाईना म्हणून वर ब्लीचिंग पावडर टाकली, दार लावून घेतलं कारण बाहेर पाहुणे बसले होते. संडासाच्या बऱ्याच लिक्विडमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मन सैन्याने नळकांड्या उघडून फ्रेंच खंदकांवर सोडला तोच वायू. काकूंना खोकल्याची ढास लागली, डोळे मिटले, कडी सापडेना. काकांनी दार ढकलून बाहेर काढलं म्हणून निभावलं. रात्रभर ऑक्सिजनवर होत्या. पुढचे दोन महिने जिना चढताना दम लागायचा.

क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत राहतो. बसून, वाकून घासणाऱ्या माणसाला तो आधी गाठतो. आणि आपल्या घरांत बसून, वाकून मोरी घासणारं माणूस कोण असतं, ते तुम्ही बघताच.

तेव्हा आई, आत्या, कामाला येणाऱ्या मावशी, सगळ्यांना एकदा शांतपणे बसवून सांगा की लिक्विड आणि ब्लीचिंग पावडर एका दिवशी वापरायचं नाही, आणि दार-खिडकी उघडी ठेवायची. उग्र, घशाला झोंबणारा वास आला की बादली तिथेच टाकून आधी बाहेर यायचं. अंगावर किंवा डोळ्यांत काही उडालं तर हळद नाही, तूप नाही, वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं, आणि मग डॉक्टर. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या सुट्या विक्रीवर निर्बंध घातले, दुकानदाराने ओळखपत्र बघून नोंद ठेवायची असं सांगितलं. ते निर्बंध चेहऱ्यावर ॲसिड फेकण्याच्या गुन्ह्यांमुळे आले. आपल्या कपाटात आधीपासून असलेल्या बाटलीला ते लागू पडत नाहीत, ती आपणच काढून टाकायची. आमच्याकडे आईने बरीच खळखळ केली. 'तीस वर्षं वापरतेय, काय झालं?' शेवटी काकूंनीच तिला फोन केला.

राहिला प्रश्न पुढच्या पाइपाचा, जिथे आपला हात पोचत नाही.

घराबाहेर जे चेंबर असतं ते साधारण दोन-तीन फूट खोल. त्याचं झाकण उघडून वरूनच बांबूच्या कामट्या घालून ते मोकळं करता येतं, प्लंबर ते करतो, त्यात कुणी उतरायचं नसतं. त्यापुढे गल्लीतलं मोठं चेंबर, ते खोल. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतलं ते तुंबलं. सहा घरांच्या मोऱ्या एकदम उलटल्या. सकाळी सातला कुणीतरी एका माणसाला घेऊन आलं. पस्तिशीचा असेल. तो म्हणाला, हजार रुपये द्या, उतरतो. त्याने शर्ट काढून ठेवलाही. गल्लीतले थोरले म्हणाले, देऊन टाका, मुलांना शाळेत जायचंय, बायकांची आंघोळ खोळंबलीय. सगळी चांगली माणसं. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं.

माझ्या वडिलांनी झाकणावर पाय ठेवला आणि 'कुणी उतरणार नाही' म्हणून सांगितलं. दहा मिनिटं चांगलीच वादावादी झाली.

खोल चेंबरमध्ये साठणारा हायड्रोजन सल्फाइड सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास देतो. प्रमाण वाढलं की आधी नाकच मरतं. वास यायचा थांबतो, माणसाला वाटतं वायू गेला, आणि तो आणखी खाली उतरतो. त्याला काढायला दुसरा उतरतो. बातम्यांत दोघं, तिघं एकदम गेल्याचं वाचतो ते यामुळे. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवायला बंदी केली आहे, आणि ती फक्त पालिकेला नाही. कुणीही व्यक्ती, असा शब्द आहे. म्हणजे हजार रुपये देणारे आम्ही सहा घरंही त्यात आलो. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी कुटुंबाला दहा लाख द्यायला सांगितले, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. ही लढाई न्यायालयात नेणाऱ्या सफाई कर्मचारी आंदोलनाचे बेझवाडा विल्सन आपल्या कर्नाटकातलेच, कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या वस्तीत वाढलेले. २०१६ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

वादात एक आजोबा म्हणाले ते मात्र मला लागलं. 'ज्याचं काम तो करतो, त्यात एवढं काय?' अप्पासाहेब पटवर्धनांचं नाव तुम्ही ऐकलं असेल, कोकणचे गांधी म्हणत त्यांना. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी संडास साफ करायचं काम मागितलं, आणि ब्राह्मण कैद्याला ते देता येत नाही म्हणून नकार मिळाला. त्यासाठी त्यांनी अन्न कमी केलं, आणि येरवड्यात असलेल्या गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास आरंभला. ज्याचं काम तो करतो, हेच तर तुरुंगाचे अधिकारीही म्हणत होते. आजोबांना मी हे तिथे सांगितलं नाही, ती वेळ नव्हती.

आम्ही तक्रार नोंदवली. त्या दिवशी सहा घरांनी चार गल्ल्या पलीकडच्या नातेवाइकांकडे आंघोळी केल्या, माझ्या बहिणीने ऑफिसला दांडी मारली. दुसऱ्या दिवशी दुपारी पाण्याच्या दाबाने मोकळं करणारी गाडी आली. गाडी गल्लीत शिरेना, म्हणून चौकात उभी करून पाइप ओढत आणला. चाळीस मिनिटांत पाणी वाहू लागलं. उतरायला आलेला तो माणूस आधीच्या दिवशी पैसे न मिळताच गेला होता. वडिलांनी त्याला चहा आणि शंभर रुपये दिले होते, पण त्याचा दिवस बुडाला तो बुडालाच. याचं उत्तर माझ्याकडे नाही.

पाइपाच्या तोंडाशी जे निघालं त्यात निम्मं तेल होतं, पांढरं, मेणासारखं. त्यावर ओले वाइप्स, केसांचे पुंजके आणि सॅनिटरी पॅड. पाकिटावर फ्लश करता येतं असं लिहिलेले वाइप्ससुद्धा कागदासारखे विरघळत नाहीत. आणि तेल बहुतेक स्वयंपाकघरांचं. रविवारी सावजी रस्सा झाला की कढईतला तवंग सिंकमध्ये, हे आमच्या घरीही चालायचं. आता कढई आधी जुन्या वर्तमानपत्राने पुसतो. आई म्हणते, पेपरचा एवढा तरी उपयोग.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट उघड झाली. आपल्या घराचा पाइप कुठून कुठे जातो हे सहा घरांपैकी फक्त दोघांना ठाऊक होतं, आणि दोघंही पंचाहत्तरीच्या पुढचे. घरातल्या कुणाला हे माहीत असेल तर या रविवारी त्यांना खुर्चीत बसवून विचारून घ्या. ट्रॅप किती, पाइप कुठल्या भिंतीतून, चेंबर कुठे. कागदावर काढा आणि मीटरच्या पेटीत चिकटवा. आम्ही वडिलांकडून काढून घेतला. त्यात कळलं की आमचं दुसरं चेंबर शेजारच्या काकूंच्या तुळशीवृंदावनाच्या बरोबर खाली आहे. काकू म्हणतात, तुळशीच्या लग्नाच्या आत तर मी ते हलवू देणार नाही. नंतर बघू.